देवरिया ताल, शरदातला

आज आईला घेऊन उत्तराखंडातल्या देवरिया ताल या तळ्यावर जाऊन आलो. सह्याद्रीतले कातळटप्पे चढणाऱ्यांना सारी गावातून निघणारी ही वाट फारच मायाळू वाटेल. जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, बरीचशी दगडी फरसबंदी. गुडघ्यांची तक्रार असूनही आई बसत-उठत वर पोचली.

जंगल बांज आणि बुरांशचं. बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, तो फुलतो वसंतात, आणि बांज म्हणजे हिमालयातला सदाहरित ओक, त्यामुळे लाल-पिवळ्या पानांचा सोहळा इथे नाही. शरद ओळखायचा तो आकाशावरून. पावसाने हवा अशी धुऊन निघालेली, की तळ्यासमोर ७,१३८ मीटर उंचीचा चौखंबा कडांसकट स्पष्ट दिसतो, आणि पाण्यातही! यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते हेच तळं, असं इथले लोक मानतात. ते ऐकल्यावर आईने काठावर वाकून पाण्याला हात लावून नमस्कार केला. मला भरून आलं.

दिवाळीच्या सुट्टीत उखीमठ-चोपत्याकडे जाणार असाल तर आदल्या रात्री सारीतच राहा आणि पहाटे निघा. वारा सुटला की प्रतिबिंब मोडतं. घरातल्या मोठ्यांना जरूर न्या, कचरा मात्र खाली परत आणा.