बाईच्या नॉलेजचे मार्क पुरे झाले, आता नर्सच्या हातांचं काम मोजूया

ओबीजी म्हणजे बाळंतपण आणि स्त्रीरोगांच्या नर्सिंगच्या एम.एस्सी.ची डिसर्टेशन्स (प्रबंध) कुठल्याही कॉलेजच्या लायब्ररीत काढून बघा, बरीचशी शीर्षकं एकाच साच्यातली निघतील. अमुक विषयावरच्या स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅमचा तमुक शहरातल्या निवडक हॉस्पिटलमधल्या बायकांच्या नॉलेजवर होणारा परिणाम. विषय तेवढा बदलतो, कधी ॲनिमिया, कधी पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होणं), कधी मेनोपॉज. पन्नास-साठ बायका घ्यायच्या, प्री-टेस्ट, मग फ्लिपचार्ट, सातव्या दिवशी पोस्ट-टेस्ट, मार्क वाढतात, टेबलं भरतात, व्हायवा होतो. पण तिचं हिमोग्लोबिन वाढलं का, लोहाच्या गोळ्या तिने खाल्ल्या का की मळमळतं म्हणून डब्यात तशाच ठेवून दिल्या, हे बघायला कुणी परत जातच नाही, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं कारण पोरी मेहनत खूप करतात, दुपारच्या उन्हात ओपीडीबाहेर बसून एकेक फॉर्म भरून घेतात.

गेल्या काही वर्षांत जरा बदल दिसतोय. कळांमध्ये बसायचा मोठा बर्थिंग बॉल, बाळ बाहेर येण्याच्या म्हणजे दुसऱ्या स्टेजला पेरिनियमवर (योनी आणि गुदद्वाराच्या मधल्या भागावर) गरम पाण्याचा शेक, कळांमध्ये सोबतीला घरची बाई असणं, असे विषय येतायत. हे मला फार आवडतं, कारण इथे नर्स काहीतरी करते आणि त्याचा बाईच्या शरीरावर काय परिणाम झाला ते मोजलं जातं, टाके किती पडले, कळा किती तास चालल्या. नर्सिंगचं रिसर्च म्हणजे मला हेच वाटतं.

आणि याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या शेजारचं आहे, बेळगावचं. डिलिव्हरीनंतर बाईला रक्त जास्त जातंय हे आपण कसं ठरवतो? नजरेने. चादर भिजली, गॉज भिजला, बादलीत थोडं, जमिनीवर थोडं, आणि आपण म्हणतो तीनशे मिलिलिटर असेल. बेळगाव जिल्ह्यात एक साधी प्लॅस्टिकची शीट, म्हणजे ड्रेप, वापरली, बाळ बाहेर आलं की बाईच्या कमरेखाली सरकवायची, खाली नरसाळ्यासारखी पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा 33 टक्के कमी निघाला! म्हणजे साडेसातशे गेलं तरी आपण पाचशेच धरतो, आणि पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव, म्हणायची रेषाच पाचशेवर आहे.

तिथल्याच गावांमधून ए.एन.एम. (गावपातळीवर काम करणाऱ्या नर्स) सिस्टरांनी घरी आणि सबसेंटरला 1620 बाळंतपणं केली, निम्म्या बायकांना गर्भाशय आकुंचन पाववून रक्त थांबवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या साध्या गोळ्या, आणि रक्त या पिशवीत मोजलं. पीपीएच 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला. 2006 मध्ये हे लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, 2011 मध्ये पीपीएच टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं. गोळीला फ्रीज लागत नाही, याच कामाच्या ऑक्सिटोसिन इंजेक्शनला लागतो, खेड्यात हाच मोठा फरक. स्टडी डॉक्टरांच्या नावावर आहे हे खरं, पण गोळी दिली, पिशवी लावली, माप वाचलं ते नर्सबाईंनी. पुढे 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत 80 हॉस्पिटलांमध्ये केलेली ई-मोटिव्ह ट्रायल छापून आली, तिथेही अशीच खुणांची पिशवी, आणि रक्त जास्त दिसलं की गर्भाशयाचा मसाज, औषधं, सलाईन, तपासणी सगळं एकदमच सुरू करायचं, वाट बघत बसायचं नाही. गंभीर रक्तस्राव, त्यासाठीचं ऑपरेशन किंवा त्यानेच मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं.

तामिळनाडूत दिंडिगुलला तर नर्सेसनीच व्हिनेगर लावून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली, गरज पडली तर क्रायोथेरपीही (खराब पेशी गोठवून नष्ट करणं) त्यांनीच दिली, आणि त्या गटात गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 35 टक्क्यांनी कमी झाले. हे 2007 चं. आणि आपण अजून बायकांना या तपासणीबद्दल किती माहिती आहे हेच विचारतोय!

मनाच्या बाजूला तर आपण अजून नीट हातच घातलेला नाही. गोव्यात 2002 मध्ये छापलेल्या स्टडीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत 23 टक्के आयांना डिप्रेशन होतं, गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाल्याचं दुःख ही कारणं त्यात स्पष्ट आली. लसीकरणाला ती बाई आपल्यासमोरच येते, बाळाचं वजन आपण करतो, तिला मात्र कशी आहेस विचारून पुढचा नंबर पुकारतो. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला दहा प्रश्नांची एडिनबरो स्केल असते, तेवढी तरी भरून घेऊया.

बीडच्या ऊसतोड बायकांचं तसंच. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. आकडा पेपरात आला, चर्चा झाली. पण तिशीत पिशवी गेल्यावर त्या बाईची कंबर, हाडं, झोप, फडात मोळी उचलणं, नवऱ्याशी संबंध, याचं पुढे काय झालं हे तिच्या घरी जाऊन वर्षानुवर्षं टिपायचं काम नर्सनेच करावं, तिच्याशी ती बोलेल.

मला माहितीये, विद्यार्थिनीला डेटा कलेक्शनला जेमतेम महिनाभर मिळतो आणि गाईडलाही ओळखीचा साचा सोपा पडतो. म्हणून माझी एकच मागणी आहे, कॉलेजने एक विषय धरून तीन-चार बॅचेसना वाटून द्यावा. पहिली बॅच नुसतं मोजेल, दुसरी काहीतरी बदल करून बघेल, तिसरी त्याच बायकांना वर्षाने परत भेटेल. रक्ताचंच घ्या, ड्रेप नसेल तर पॅड आणि गॉज आधी कोरडे वजन करून ठेवायचे, नंतर भिजलेले वजन करायचे, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. वजनकाटा तर लेबर रूममध्ये असतोच, रजिस्टरमध्ये एक कॉलम तेवढा वाढवावा लागेल.