२^१२७ − १ : लुकास चाचणी झाली, आता दुसरी सिद्धता

संख्या २^१२७ − १, म्हणजे १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. ३९ अंकी. फ्रेंच गणिती एदुआर लुकासने १८७६ मध्ये ती मूळ असल्याचं हाताने गणित करून दाखवलं. यंत्राशिवाय सिद्ध झालेली याहून मोठी मूळ संख्या नाही.

२ च्या घातातून १ वजा केलेली अशी संख्या मूळ आहे का, हे लुकास-लेहमर चाचणी ठरवते. ती आधी कागदावर घोटली, घातांक ७ घेऊन, म्हणजे २^७ − १ = १२७ साठी. ४ पासून सुरुवात, दर वेळी वर्ग करून २ वजा, १२७ ने भागून उरलेली बाकी: ४, १४, ६७, ४२, १११, ०. शून्य आलं, म्हणजे १२७ मूळ. मला सगळ्यात आवडतं ते हे, की यात भागाकार करावाच लागत नाही. ४२ चा वर्ग उणे २ म्हणजे १७६२, म्हणजे १३ × १२८ + ९८; १३ आणि ९८ मिळवले की १११. मोठ्या संख्येतही तेच: द्विमान रूपात खालचे १२७ अंक वेगळे काढायचे, उरलेला वरचा भाग त्यांत मिळवायचा. पायथन या संगणकभाषेत असे १२५ वर्ग केले आणि शेवटी शून्य आलं. फार सुंदर शून्य!

आता दुसरी वाट: संख्येतून १ वजा करून जे उरतं त्याचे अवयव पाडायचे आणि त्यांवरून सिद्धता उभी करायची. फर्माची कसोटी (पायाचा, संख्येहून १ ने कमी इतका घात घेऊन संख्येने भागल्यावर बाकी १ उरते का, हे पाहणारी) २ या पायावर इथे कुचकामी आहे. घातांक मूळ असला की अशी प्रत्येक संख्या ती पार करतेच. २०४७ सुद्धा करते, आणि ती तर २३ × ८९ आहे.

अवयव मात्र बीजगणितच हातात देतं. १ वजा केल्यावर उरतात २ × (२^६३ − १) × (२^६३ + १). पहिल्या कंसातून ७ चा वर्ग, ७३, १२७, ३३७, ९२७३७, ६४९६५७; दुसऱ्यातून ३ चा घन, १९, ४३, ५४१९ आणि ७७१५८६७३९२९. हा शेवटचा राक्षस मूळ आहे हे स्वतः तपासायचं होतं. त्याचा कुठलाही मूळ अवयव १२६क + १ याच रूपाचा असावा लागतो, आणि वर्गमूळ २७७७७४ च्या जरा पुढे. म्हणजे क २२०४ पर्यंतच. त्यातही संयुक्त संख्या गाळायच्या. एकानेही भाग जात नाही.

अशा अवयवांवरून संख्या मूळ असल्याचं सिद्ध करणाऱ्या पॉकलिंग्टनच्या प्रमेयाला सगळे अवयव लागत नाहीत, घेतलेल्यांचा गुणाकार २^१२७ − १ च्या वर्गमूळापेक्षा मोठा झाला की पुरे. इथे सर्वांत मोठे तीनच पुरतात. प्रत्येकासाठी योग्य पाया शोधणं, एवढं काम उरलंय.

त्यानंतर १८० × (२^१२७ − १)^२ + १ घेणार. ७९ अंकी. १९५१ मध्ये मिलर आणि व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ती मूळ असल्याचं सिद्ध केलं. तिच्यातून १ वजा केला की अवयव समोरच मांडलेले असतात, आणि त्यांतला मोठा अवयव म्हणजे आपलीच ही संख्या.