खालच्या पट्टीतलं बॉम

काल एका सीएसव्हीने, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाइलीने, दीड तास घाम काढला. पहिलाच कॉलम 'आयडी', तरी पायथनची स्क्रिप्ट म्हणते, असा कॉलमच नाही! प्रिंट केलं, डोळे फाडून पाहिलं, नाव तेच. शेवटी फाइल व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये उघडली आणि नजर खालच्या पट्टीवर गेली: 'यूटीएफ-८ विथ बॉम'. यूटीएफ-८ ही अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत (एन्कोडिंग), आणि बॉम म्हणजे 'बाइट ऑर्डर मार्क' ही खूण: फाइलीच्या सुरुवातीला ३ बाइट्स, न दिसणारे, कॉलमच्या नावाला चिकटलेले. स्क्रिप्टमध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' केलं, म्हणजे वाचताना ती खूण वगळली जाते, आणि सुटलो.

एरवी माझं एडिटरमधलं काम साधंच. कंट्रोल-डी दाबत एकच नाव दहा ठिकाणी बदलायचं, एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) जरा नीट लावायचं. थीम बदलत बसणाऱ्यांचं कौतुकच वाटतं, पण ती खालची पट्टी लपवणाऱ्यांचं नाही. मीही लपवली होती म्हणा, दोन ओळी जास्त दिसाव्यात म्हणून.