जिंकल्यात जमा

८ जानेवारी २००८, मंगळवार. संपादकीय पान रात्री साडेआठला सोडायचं होतं. माझ्या लेखाच्या चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: 'आयोवापाठोपाठ न्यू हॅम्पशायरही ओबामांनी जिंकल्यात जमा आहे.' डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला अमेरिकेत राज्याराज्यांत मतदान चाललं होतं. हे मी टाइप केलं तेव्हा न्यू हॅम्पशायरमध्ये सकाळ होती आणि लोक मतदानाला नुकते घराबाहेर पडत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे अंक वाचकांच्या दारात पडला. नऊच्या सुमारास टीव्हीवर बातमी झळकली, हिलरी क्लिंटन विजयी.

त्या चुकीची शिक्षा मी भोगली, खुलासाही छापला. इतक्या वर्षांनी तो लेख अजून डोक्यातून जात नाही, पण तो त्या एका वाक्यामुळे नव्हे. त्याच्या आजूबाजूच्या ज्या मजकुराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, तो मजकूर मला सतावतो.

आंतरराष्ट्रीय पान सांभाळणाऱ्यांचं एक दुखणं असतं. अमेरिकेतले निकाल आपल्याकडे सकाळी येतात, म्हणजे अंक छापून वाटून झाल्यावर. वाचकाच्या हातात ते पडायला आणखी एक दिवस जातो. शिळं वाटू नये म्हणून डेस्कवरच्या माणसाला पुढचं पाऊल आधीच टाकून ठेवायची सवय लागते. सवय वाईट आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच तसं करतात. त्यात त्या आठवड्यात सिडनी कसोटीचं रामायण चाललं होतं. हरभजनवरची बंदी, पंच बकनर यांना पुढच्या सामन्यातून काढलं, दर तासाला मथळा बदलत होता. अख्खं डेस्क तिकडे लागलं होतं. माझा लेख दुसऱ्या कुणी वाचायला हवा होता, तो कुणी वाचला नाही. एक माणूस सोडून.

लेखाचं काम शुक्रवारी आलं. आयोवात ओबामांना ३७.६ टक्के मिळाले होते, त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी एडवर्ड्स आणि क्लिंटन ३० टक्क्यांच्या आतच राहिले. संपादक म्हणाले, "हा पोरगा नक्की आहे कोण? जमेच्या बाजू काय, उणिवा काय, नऊशे शब्दांत मांड. मंगळवारी दे." मी एका जुन्या प्रूफची कोरी बाजू घेतली, मधोमध रेघ मारली. डावीकडे 'जमा', उजवीकडे 'उणे'. उमेदवार तोलायचा म्हटलं की आमच्या धंद्यात हेच करतात.

वय उणेमध्ये टाकलं. सेहेचाळीस. मग वाटलं, हा काही फार तरुण नाही. राज्यघटनेची अट पस्तीसची आहे. थिओडोर रूझवेल्ट १९०१ मध्ये मॅकिन्लेंच्या हत्येनंतर पदावर आले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते, केनेडी त्रेचाळिसाव्या वर्षी निवडून आले. पण समोर साठीच्या क्लिंटन आणि रिपब्लिकन पक्षातले एकाहत्तर वर्षांचे मॅकेन. त्यांच्या शेजारी उभं केलं की सेहेचाळीस कोवळं दिसतं. तेव्हा वय तिथेच राहू दिलं.

'अनुभव कमी' हेही उणेमध्ये. सिनेटमध्ये तीन वर्षं, त्याआधी इलिनॉयच्या विधिमंडळात आठ. २००० साली शिकागोतल्या एका जागेसाठी पक्षांतर्गत लढत दिली आणि सपाटून हरले. लिंकन यांचाही काँग्रेसमधला अनुभव जेमतेम दोन वर्षांचा होता, तेव्हा तो दाखला शेजारी लिहून ठेवला. ओबामांनी उमेदवारी जाहीर केली तीही लिंकन यांच्या स्प्रिंगफील्डमध्ये, फेब्रुवारी २००७ च्या कडाक्याच्या थंडीत. दाखला तयारच होता, मी उचलला. बुकॅनन मला आठवले नाहीत. खासदार, सिनेटर, परराष्ट्रमंत्री, रशिया आणि ब्रिटनमध्ये राजदूत, एवढं सगळं करून ते लिंकन यांच्या आधी अध्यक्ष झाले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत देश दुभंगला. अनुभवावर लिहायचं तर दोघांनाही शेजारी बसवायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी मन लावून काम केलं होतं आणि ते आजही मला मोलाचं वाटतं. वृत्तसंस्थेच्या बातमीत आलं होतं की, इलिनॉयमध्ये असताना ओबामांनी सुमारे १३० वेळा 'प्रेझेंट' असं मत दिलं. डेस्कवर त्याचं भाषांतर झालं: 'सभागृहात हजर असूनही मतदान टाळले'. वाचायला झकास, पण चूक. मी दुपार खर्चून ते समजून घेतलं. तिथे सदस्याला होय, नाही आणि हजर असे तीन पर्याय असतात. इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये ५९ सदस्य, आणि विधेयक मंजूर व्हायला हजर असणाऱ्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यांपैकी ३० जणांचं 'होय' लागतं. म्हणजे 'हजर' म्हटलं तरी विधेयकाच्या पारड्यात काहीच पडत नाही, परिणाम विरोधासारखाच. कधी पक्ष ठरवून तसं करतो, कधी विधेयकातली एखादी कायदेशीर त्रुटी दाखवायला सदस्य तसं करतो. आणि हो, कधी अडचणीच्या विषयातून अंग काढून घ्यायलाही. काही वेळा ओबामा एकटे किंवा मोजक्या सदस्यांबरोबर 'हजर' होते, तो प्रश्न खराच होता. पण एकूण मतं चार हजारांच्या आसपास. मी यावर सहा वाक्यं लिहिली.

पान लावताना खाली जाहिरात आली आणि सहा वाक्यांचं एक झालं: 'अडचणीच्या ठरावांवर ठाम भूमिका टाळल्याचा आक्षेप त्यांच्यावर आहे.' कात्री मीच लावली, कारण दुसऱ्या कुणी लावली असती तर काय उरलं असतं कुणास ठाऊक. पण आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. जागा कमी पडली की समजावून सांगणारी वाक्यं आधी जातात, ठणकावणारी राहतात.

जमेच्या बाजूला सगळ्यात वर इराक. २ ऑक्टोबर २००२ ला शिकागोतल्या सभेत त्यांनी युद्धाला उघड विरोध केला होता. त्याच महिन्यात सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी बुश यांना लष्करी कारवाईचा अधिकार दिला. त्या ७७ मध्ये क्लिंटन होत्या, एडवर्ड्स होते, बायडेन आणि डॉडही. बायडेन आणि डॉड तर दशकानुदशकं सभागृहात काढलेली माणसं.

इथे मी चुकले, आणि हेच मला कळायला वर्षं लागली. ओबामा २००२ मध्ये विरोध करू शकले, कारण ते सिनेटमध्ये नव्हते. त्यांना मत द्यायचं नव्हतं, गुप्तचर अहवालांची भीती नव्हती, 'देशाच्या सुरक्षेशी खेळता' असं कुणी तोंडावर विचारणार नव्हतं. त्यांचे विरोधक नेमकं हेच म्हणत होते. समर्थक म्हणत होते, बाहेर उभं राहूनही त्यांना जे दिसलं ते आतल्यांना का दिसलं नाही? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. म्हणजे 'सिनेटमध्ये कमी वर्षं' ही एकच गोष्ट मी दोनदा लिहिली होती. एकदा उणेमध्ये 'अनुभव' म्हणून, एकदा जमेत 'विवेक' म्हणून. मधली रेघ माझी होती. त्या माणसात तशी रेघ नव्हती.

बाकीच्या नोंदी मी भराभर केल्या. पैसा जमेत: २००७ च्या पहिल्या तीन महिन्यांत अडीच कोटी डॉलर, एक लाखावर देणगीदारांकडून. भारताविषयी थोडं हवंच असतं, म्हणून जून २००७ मधलं ते प्रकरण. ओबामांच्या प्रचारकांनी क्लिंटन यांना भारताशी असलेल्या संबंधांवरून 'पंजाबच्या डेमोक्रॅट' म्हणून डिवचणारं टिपण फिरवलं होतं आणि ओबामांना जाहीरपणे चूक कबूल करावी लागली होती. उणे. आरोग्यविम्याची सक्ती फक्त मुलांपुरती, प्रौढांवर नाही, हा त्यांचा क्लिंटन यांच्याशी मतभेद. 'लवचिक' म्हणून जमेत. दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांनी स्वतः सही केलेल्या कायद्यात ती सक्ती होती.

संघटना ही नोंद मी कुठल्याच रकान्यात केली नव्हती. आयोवातली डेमोक्रॅटिक पक्षाची सभा (कॉकस) म्हणजे तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहणं. गटात १५ टक्के जमले नाहीत तर गट मोडायचा आणि माणसं दुसऱ्या कोपऱ्यात जायची. माणसांना घराबाहेर काढून तासभर थांबवून ठेवता यायला हवं होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये साधी गुप्त मतपत्रिका, आणि कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्या मतदारालाही हव्या त्या पक्षाच्या निवडणुकीत मत देता येतं. दोन्ही परीक्षा वेगळ्या. हे मला माहीत होतं. आयोवाच्या दिवशी यावर चौकट मीच केली होती! तरीही मंगळवारी मतदानपूर्व चाचण्यांचे आकडे समोर आले, सरासरी आठेक टक्क्यांची आघाडी दिसली, आणि मी वाक्य लिहून मोकळी झाले.

मुद्रितशोधनात आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. ऱ्हस्व-दीर्घ बघणं हे त्यांचं काम, पण ते मजकूर वाचायचे. प्रूफ घेऊन ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले. 'जिंकल्यात जमा' खाली पेन्सिलीची रेघ, समासात प्रश्नचिन्ह.

"अगं, जिंकल्यात जमा, की जिंकल्यावर जमा?"

"काका, सगळ्या चाचण्या तेच सांगतायत."

"सांगतायत ना? मग 'चाचण्या सांगतात' असं लिही की. दोन शब्द वाढतील."

"ओळ वाढेल. जाहिरातीला लागेल."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "लेख तुझा आहे." आणि गेले. मी खोडरबर घेऊन प्रश्नचिन्ह पुसलं आणि पान सोडलं.

सकाळी फोन सुरू झाले. पहिले काही चिडलेले, मग थट्टा करणारे. दुपारी मी आकडे बघत बसले. क्लिंटन साधारण साडेसात हजार मतांनी पुढे, आणि पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी दोघांनाही नऊ-नऊ. पुढे अमेरिकेतल्या जनमत अभ्यासकांच्या संघटनेने या चाचण्यांची चौकशी केली. कुणा एकावर खापर फोडता आलं नाही, अनेक लहान कारणं निघाली. खुलाशात 'अनवधानाने' हा शब्द घालावा असं वरून सुचवलं गेलं. मी घातला नाही. अनवधानाने काही झालं नव्हतं, समासात प्रश्नचिन्ह होतं. त्यावरून बरंच बोलणं झालं आणि दोन महिने माझ्याकडे स्वतंत्र लेख आला नाही.

५ फेब्रुवारीला जेव्हा वीसहून अधिक राज्यांचे निकाल आले, तेव्हा न्यू जर्सीसारखं मोठं राज्य जिंकून क्लिंटन यांनी ११ प्रतिनिधींची आघाडी घेतली आणि कमी लोकसंख्येच्या आयडाहोतल्या सभांमधून ओबामांनी १२ ची. माझ्या कागदावर जिला रकानाच नव्हता ती गोष्ट निवडणूक फिरवत होती. नोव्हेंबरमध्ये ओबामा निर्वाचक मंडळाची ३६५ मतं घेऊन अध्यक्षपदी निवडून आले. तेव्हा एक सहकारी पाठ थोपटत म्हणाला, "तू जानेवारीतच लिहिलं होतंस!" जानेवारीतल्या शिव्यांपेक्षा ते मला जास्त लागलं. लेख तोच होता, तितकाच कच्चा. निकाल लागला की वाचक आणि पत्रकार दोघंही मागे वळून तोलतात, आणि पारडं नेमकं हवं तिकडे झुकतं.

४ फेब्रुवारी २०२० ला डेस्कवरची एक तरुण उपसंपादक तसाच कागद घेऊन बसली होती. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले पीट बुटिजेज, वय ३८. आयोवाच्या सभा आदल्या रात्री झाल्या होत्या, मोजणीची यंत्रणा कोलमडली होती आणि अधिकृत आकडा एकही नव्हता. बुटिजेज यांनी मात्र विजयाची भाषा करून टाकली होती. वृत्तसंपादकांना मथळ्यात त्यांचा विजय हवा होता.

तिच्या उणेच्या रकान्यात पहिली नोंद: 'फक्त महापौर, शहर जेमतेम लाखाचं.' जमेच्या रकान्यात शेवटची: 'वॉशिंग्टनचा नाही.'

मी पेन्सिलीने दोन्हींखाली रेघ मारली आणि एकमेकींना जोडली. तिने विचारलं, "मॅडम, मग ही कुठल्या बाजूला घेऊ?" मी म्हटलं, "साउथ बेंडच्या महापौराला रोज काय ठरवावं लागतं, जे सिनेटरला लागत नाही, ते आधी शोध. मग बघू."

ती शोधायला लागली. नोकऱ्या गेलेलं कारखान्याचं शहर, पडकी घरं, पोलीस आणि कृष्णवर्णीय वस्ती यांच्यातला तणाव, मध्येच २०१४ मध्ये सात महिने लष्करी कामगिरीवर अफगाणिस्तानात. प्रत्येक नोंद ती आधी एका रकान्यात लिहायची, मग खोडायची. साडेआठ वाजले, पावणेनऊ झाले. वृत्तसंपादक दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा ओरडले. मथळ्यात शेवटी 'आयोवाचा निकाल रखडला' एवढंच गेलं. पान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं आणि त्याचा जाब मी दिला.