काम मिळाल्यानंतरचे काम

मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाला काम मिळवून देणे अवघड असते, हे सगळेच मान्य करतात. परंतु सांगली, मिरज, कुपवाड भागात अशा कुटुंबांबरोबर काम करताना माझे मत असे झाले आहे की, खरी कसोटी पहिला खाडा पडतो त्या दिवशी लागते. काम बहुधा ओळखीपाळखीने मिळून जाते. कोणी बेदाण्याच्या शेडवर लागतो, कोणी हळदीच्या गोदामात, कोणी मामाच्या दुकानात. मग एके दिवशी तो येत नाही, फोन उचलत नाही, आणि चौथ्या दिवशी मुकादमाने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलेला असतो. यात मुकादमाला दोष देता येत नाही. नेमके काय झाले हे त्याला सांगणारेच कोणी नसते.

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, काम करणाऱ्या तरुणाचे उदाहरण देते. त्याला द्विध्रुवीय विकार, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल नैराश्य आणणारा आजार, असून लिथियमच्या गोळ्या चालू होत्या. फौंड्रीत भट्टीजवळ दिवसभर घाम गळतो, आणि शरीरातले पाणी व मीठ कमी झाले की लिथियमचे रक्तातले प्रमाण वाढून हात थरथरणे, उलट्या, झोकांड्या असा त्रास सुरू होतो. त्यातच आठवड्याला पाळी बदलायची. आणि या आजारात रात्रीची झोप मोडणे हे आजार उलटण्याचे मोठे कारण असते. डॉक्टरांना तो भट्टीवर काम करतो हे ठाऊक नव्हते, कंपनीला गोळ्यांचे ठाऊक नव्हते, आणि घरच्यांना दोन्ही ठाऊक असूनही त्यांचा संबंध लक्षात आला नव्हता. त्याच्या संमतीने मी सुपरवायझरना भेटले, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: मशिनवर अपघात होणार नाही ना, आणि अचानक आला नाही तर फोन कोणाला करायचा? आजाराचे नाव त्यांनी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. त्याला स्टोअरमध्ये कायम दिवसपाळी मिळाली.

तासगाव भागात बेदाणा निवडणाऱ्या एका ताईंची अडचण वेगळी होती. त्यांना क्लोझापिन हे तीव्र मानसिक आजारावरचे औषध चालू होते. त्या औषधाने सकाळी डोळे उघडत नाहीत, शिवाय सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला, आणि नंतरही ठरावीक दिवशी, रक्त तपासावे लागते. निवडणीची मजुरी किलोवर असल्याने त्या आठऐवजी दहाला आल्या तर मालकाचे काहीच बिघडत नव्हते. तरीही हे कोणीतरी जाऊन सांगेपर्यंत त्या ‘आळशी’ ठरल्या होत्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतील 4 टक्के आरक्षणापैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे, आणि त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कारणाने कामावरून काढता येत नाही, ही तरतूद फार मोलाची आहे. मात्र ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या माणसापर्यंत यातले फारच थोडे पोहोचते.

अमेरिकेत 1990च्या दशकात एक पद्धत विकसित झाली. तिच्यात माणसाला आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण देत न बसता त्याच्या आवडीचे खरे, पगारी काम लवकर शोधतात, आणि कामावर लागल्यावरही एक कार्यकर्ता त्याच्या, डॉक्टरांच्या आणि मालकाच्या संपर्कात राहतो. अनेक चाचण्यांत जुन्या पद्धतींच्या तुलनेत सुमारे दुप्पट लोक अशा मार्गाने कामाला लागलेले दिसले. आपल्याकडे मात्र अजूनही ‘आधी पूर्ण बरा होऊ दे, मग बघू’ असेच म्हटले जाते, आणि प्रशिक्षण म्हणून मेणबत्त्या व कागदी पिशव्या करण्यात माणसाची उमेदीची वर्षे निघून जातात. हे मला मनापासून खटकते.

घरच्यांच्या भीतीलाही आधार असतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे. चार महिन्यांच्या कामापायी दरमहाचे अनुदान गेले आणि मग कामही सुटले तर काय, असे एखादी आई विचारते, तेव्हा तिला ‘धीर धरा’ एवढेच सांगून भागत नाही. दुसरीकडे, कामावर झोप येते म्हणून परस्पर गोळ्या बंद करणारी घरेही आहेत. तिथे मी डोस किंवा वेळ बदलता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारायला लावते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात सामाजिक कार्यकर्त्याचे पद असते. त्या पदाच्या कामात मालकांच्या आणि मुकादमांच्या भेटी स्पष्टपणे धरल्या जाव्यात, अशी माझी मागणी आहे. तोवर, ज्याला काम मिळाले आहे त्याला विचारून, घरातील किंवा नात्यातील एका माणसाचे नाव व मोबाइल नंबर आम्ही पहिल्याच दिवशी कागदावर लिहून मुकादमाकडे देतो, आणि खाडा पडला तर दुसरा माणूस घेण्याआधी त्या नंबरवर एक फोन करावा, एवढे कबूल करून घेतो.