तुम्ही विचारलंत म्हणून: ऐन थंडीतच गच्ची का उकरायची?

“टोमॅटो लगडलेत, मेथी भरात आहे आणि नेमकं आत्ताच वॉटरप्रूफिंग? मे महिना कशाला ठेवलाय?” दर डिसेंबरात हेच. एकदाच लिहून टाकते. सांगतेय ते पुण्या-नाशिकच्या हवेचं. कोकणचं गणित निराळं.

मे महिन्यात स्लॅबवर पाय ठरत नाही. सिमेंट धरण्याआधीच त्यातलं पाणी उडतं आणि कोटिंगवर केसाएवढ्या चिरा पडतात. वर वळवाचं भय, गवंडी लग्नसराईला गावी. त्या उन्हात हलवलेल्या कुंड्या माना टाकतात ते वेगळंच.

मग दिवाळीआधी? तेव्हा पावसाची ओल अजून मुरलेली असते. ‘रंग दिवाळीआधी उरका’ असं मीच म्हणत असे. आतल्या कोरड्या भिंतींपुरतं आजही म्हणेन. बाहेरच्या भिंतीवर मात्र फूटभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब दिसले तर पुट्टीला हात लावू नका, फुगे येणारच. तरी सणाला पाहुणे येतात म्हणून लोक लावतात, आणि त्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

राहिली थंडी. निम्मी गच्ची एका वेळी घ्यायची. रोपं ट्रेमध्ये थांबवता येतात, बहरलेला टोमॅटो हलवला की फुलं गाळतो; म्हणून पहिली निम्मी बाजू होईपर्यंत लावणीच करू नका. रोपं उंच सुटायला लागली तर मोठ्या कपात बदला. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट 20-25 किलो भरते. हलवलेल्या कुंड्या गच्चीच्या मधोमध रचू नका, कडेने तुळयांवर पसरा. राहत्या घराच्या वापरत्या गच्चीवर साधारणपणे चौरस मीटरला 150 किलोच धरलेले असतात. फूटभर खोल ओल्या मातीचा वाफा एकटा 500च्या आसपास जातो.

कोबा, म्हणजे स्लॅबवरचा सिमेंटचा थर, हातोडीने ठोकून बघा. पोकळ वाजेल तो काढा. चिरा ‘व्ही’ आकारात कापून पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाने) भरा, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई द्या. कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे. सकाळचं दव वाळल्याशिवाय सुरुवात नको आणि दुपारी तीननंतर ब्रश नको, नाहीतर ओल्या थरावर रात्रीचं दव पडतं.

आता खरी परीक्षा, जी लोक टाळतात. कोटिंग पक्कं झालं की, म्हणजे सहसा आठवड्याने, पाइपाच्या तोंडात गोणपाट कोंबायचं, वर वाळू-सिमेंटचा बांध घालायचा आणि सरासरी दोन इंच पाणी 48 तास कोंडायचं. 250 चौरस फुटांना साधारण 1,200 लिटर लागतं. कठड्यावर पेन्सिलने रेघ मारा. शेजारी सरळ कडांचा, पाण्याने भरलेला डबा ठेवा. डब्यातलं जेवढं उतरेल तेवढं हवेत गेलं. गच्चीवरचं त्याहून जास्त उतरलं तर ते खाली चाललंय. खाली पंख्याच्या हुकाभोवती आणि तुळईच्या सांध्यात टॉर्च मारून बघा. ओल दिसली तर पाणी काढा, बांधाने दोन भाग करून एकेक भाग पुन्हा कोंडा. हे पाणी झाडांना देऊ नका, सिमेंटमुळे ते क्षारयुक्त असतं. पहिल्याच संध्याकाळी “झालं की!” म्हणून बांध फोडणारे पावसाळ्यात पुन्हा फोन करतात.

कुंड्या परत ठेवताना खाली विटा, विटांखाली रबराचे तुकडे. नाहीतर विटेच्या धारेने कोटिंग कापलं जातं.

मेथी? ती जाते, कबूल. क्रेटमध्ये पेरलीत तर 25-30 दिवसांत परत मिळते.

आणि हो, निम्म्या-निम्म्या कामात मधोमध जोड राहतो. दुसऱ्या बाजूचं कोटिंग पहिल्यावर सहा इंच चढवा असं मी सांगते. गवंडी म्हणतो, “ताई, जोड तो जोडच, एकदाच सगळं करा.” सगळं एकदम केलं तर कुंड्या जिन्यात. त्याचंही चूक नाही. आमचा वाद अजून चालू आहे.