नट उघडला, बोल्ट अडकला

तीन डब्यांतलं हनीकोम्ब (धक्का पिणारी, पोळ्यासारखी जाळी) अकरा-अकरा मिलिमीटर दबलं होतं. चौथ्या डब्यात बोल्टच्या डोक्याचा षटकोनी ठसा तेवढा उमटला होता, आणि तोही इतका उथळ की टॉर्च तिरकी धरल्याशिवाय दिसेना. चाचणीचं फायरिंग, म्हणजे स्फोटकाच्या दाबाने नट उघडून पॅनल सोडणं, होऊन पाऊण तास झाला होता. तोपर्यंत संगणकावरचे आलेख कोणी नीट उघडलेही नव्हते, पण बोल्ट-कॅचरच्या, म्हणजे उडालेला बोल्ट झेलणाऱ्या, त्या डब्यांकडे बघूनच कळलं की चौथ्या कोपऱ्यातला बोल्ट उडालेलाच नाही. पॅनलने त्याला ओढून काढलं होतं.

मांडणी साधी होती. सुमारे वीस किलोचं पॅनल, चार कोपऱ्यांवर एम १२ चे (१२ मिलिमीटर व्यासाचे) चार टायटेनियम बोल्ट आणि स्थिर चौकटीत चार सेपरेशन नट. बोल्टांची डोकी पॅनलच्या बाहेरच्या बाजूला, प्रत्येकावर हनीकोम्ब भरलेला कॅचर. मध्ये चार ढकल-स्प्रिंगा. नट उघडले की बोल्ट डोक्याच्या दिशेने उडून कॅचरमध्ये बसतात आणि स्प्रिंगा पॅनलला सरळ पुढे ढकलतात. पॅनल निघताना वाकडं फिरू नये यासाठी मर्यादा होती सेकंदाला १ अंश. मिळाले ३.४.

स्फोटाने सुटणाऱ्या सगळ्याच जोडणीला लोक सरसकट ‘एक्स्प्लोझिव्ह बोल्ट’ म्हणतात, पण प्रकार वेगवेगळे आहेत. खऱ्या एक्स्प्लोझिव्ह बोल्टला मुद्दाम खाच दिलेली असते आणि आतल्या स्फोटाने तो त्या खाचेवर तुटतो. फ्रँजिबल नटमध्ये बोल्ट शाबूत राहतो, नट फुटतो. सेपरेशन नटमध्ये यातलं काहीच फुटत नाही. नटाचे आटे तीन पाकळ्यांत विभागलेले असतात आणि त्या पाकळ्यांना बाहेरून एक कडी आवळून धरते. आतलं छोटं स्फोटक कार्ट्रिज पेटलं की गॅसच्या दाबाने दट्ट्या त्या कडीला सरकवतो, पाकळ्या बाहेरच्या बाजूला सरकतात, आटे बोल्टला सोडून देतात. गॅस आत बंद राहतो, तुकडे उडत नाहीत, धक्काही तुलनेने कमी बसतो. शेजारी नाजूक इलेक्ट्रॉनिक्स असेल तर मी डोळे झाकून हाच निवडीन.

त्या दिवशी सकाळपासून सगळं कामाच्या पायऱ्यांच्या कार्डाबरहुकूम चाललं होतं. प्रत्येक नटाला कार्ट्रिज पेटवणारे दोन इनिशिएटर, म्हणजे एकूण आठ. प्रत्येकाच्या ब्रिजवायरचा, म्हणजे तापून पेटवणाऱ्या बारीक तारेचा, रोध सुमारे १ ओहम, ०.९५ ते १.१५ मध्ये बसला तर पास. हे मोजायला साधा मल्टिमीटर चालत नाही. त्यासाठी वेगळा मीटर असतो, ज्याच्या आतल्या रचनेमुळेच बिघाड झाला तरी १० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह बाहेर पडू शकत नाही. या जातीचा इनिशिएटर १ अँपिअर आणि १ वॉट पाच मिनिटं सोसतो, पेटत नाही, ३.५ अँपिअरला हमखास पेटतो. आणि आम्ही ५ देतो. मधली दरी मोठी वाटते, पण अंगावरच्या स्थिर विजेचा हिशेब वेगळा असतो. म्हणून मनगटाला पट्टा, पायाखाली वाहक चटई, आणि जोडणीच्या शेवटच्या क्षणापर्यंत टोकांवर ती एकमेकांना जोडून ठेवणारा शॉर्टिंग प्लग. तो काढण्याआधी फायरिंग लाइनवर भटका व्होल्टेज आहे का ते तपासायचं. नसतोच बहुतेक वेळा. तरी तपासायचं.

फायरिंग झालं, आवाज एकच आला आणि पॅनल जाळीत जाऊन पडलं. पडताना तिरकं होतं, हे खोलीबाहेरच्या पडद्यावर सगळ्यांनीच पाहिलं. नियमाप्रमाणे अर्धा तास थांबून, फायरिंग बॉक्सची किल्ली काढून, लाइन शॉर्ट करून आत गेलो. डब्यांची गोष्ट त्यानंतरची.

अशा वेळी पहिलं बोट स्फोटकाकडे जातं, आणि ते स्वाभाविकही आहे. चौथ्या नटाचं कार्ट्रिज उशिरा पेटलं असेल, किंवा दोनपैकी एकच इनिशिएटर पेटला असेल. पण प्रवाहाचा आलेख बघितला. ब्रिजवायर जळून तुटते त्या क्षणी प्रवाह खाली पडतो, आणि आठही रेषा एकमेकींपासून ०.६ मिलिसेकंदाच्या आत पडल्या होत्या. चारही कोपऱ्यांवरच्या अ‍ॅक्सेलरोमीटरने धक्काही जवळजवळ एकाच वेळी नोंदवला होता. हाय-स्पीड कॅमेरा सेकंदाला १०,००० फ्रेम घेत होता, म्हणजे एका फ्रेमला ०.१ मिलिसेकंद. तीन बोल्टांची टोकं जोडाच्या रेषेपलीकडे गेली ती साधारण चौथ्या मिलिसेकंदाला. चौथ्याचं टोक गेलं एकोणिसाव्याला.

दुपारी नट उघडला. कडी पूर्ण सरकलेली, दट्ट्या शेवटच्या टोकाला टेकलेला, गॅस रोखणाऱ्या ओ-रिंगा धड, काजळी सगळीकडे सारखी. तिन्ही पाकळ्या पूर्ण बाहेर. म्हणजे नटाने आपलं काम चोख केलं होतं.

नट सुटूनही बोल्ट न निघणं हा या क्षेत्रातला जुना आजार आहे. स्पेस शटलच्या दोन्ही बूस्टरांना प्रक्षेपण-मंचाशी मिळून आठ स्टड (बिनडोक्याचे जाड बोल्ट) धरून ठेवायचे, साडेतीन इंच जाडीचे, आणि वर फ्रँजिबल नट. नट फुटला की स्टडने ताण सुटण्याच्या जोरावर आणि स्वतःच्या वजनाने खाली पडायचं. काही उड्डाणांत स्टड भोकात लटकून राहिला आणि बूस्टर वर जाताना त्याला घासत गेला. तिथे कारण असं निघालं की नटातली दोन स्फोटकं अगदी एकाच वेळी पेटत नव्हती. नट एका बाजूने आधी फुटायचा आणि स्टडला बाजूला ढकलायचा. पुढे दोन्ही स्फोटकं एकमेकांना जोडून त्यावर इलाज केला गेला. आमच्याकडे वेळेचा दोष नव्हता, पण बाजूचा जोर हा धागा हातात आला.

बोल्ट पुसून भिंगाखाली धरला. दांड्यावर एका बाजूने लांब, ताजी, चकचकीत रेघ होती. टोकाकडच्या दोन आट्यांच्या कडा बरोबर विरुद्ध बाजूला चेपल्या होत्या. बाकीच्या तीन बोल्टांवर असं काहीच नव्हतं. बोल्ट भोकात मधोमध नव्हता, वाकून बसला होता. पाकळ्या सुटल्यावरही त्याचे शेवटचे आटे एका पाकळीच्या कडेला अडले. पण वाकला तरी कशाने? डोक्याखाली गोलाकार वॉशरांची जोडी होती, ती नेमकी अशा वाकड्या बसण्यासाठीच असते. एक खोलगट, एक फुगीर, आणि एकमेकींवर सरकून डोकं सरळ करतात. ती उलटी लागली असेल असं वाटलं; तशी नव्हती.

फिटरला विचारलं तर तो ठामपणे म्हणाला, “साहेब, टॉर्क बरोबर लावलाय. साठला क्लिक झालाय, सहीपण आहे.” त्याचं म्हणणं खरं होतं. कार्डावर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ६० न्यूटन-मीटर होता आणि तेवढा लागला की रेंच क्लिक करतो; रेंचचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं होतं, सही जागेवर होती.

मग त्याच कार्डावरच्या वेळा बघितल्या. चौथ्या कोपऱ्यात फट निघाली होती, म्हणून बोल्ट सोडून ०.३ मिलिमीटरची शिम (फट भरायची पातळ पट्टी) घातली होती. शिम जागेवर कापली, तिचा कीस पडला, म्हणून बोल्ट आणि वॉशर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसले. आणि काम पुन्हा सुरू केलं ते क्रमांक १७ पासून, म्हणजे ‘बोल्ट बसवा’ पासून. आट्यांना, डोक्याखाली आणि वॉशरांच्या गोलाईला मोलि ग्रीस (घर्षण कमी करणारं वंगण) लावायची पायरी होती क्रमांक १४.

टॉर्क आणि ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे प्रत्येकाने पहिल्याच वर्षी शिकलेलं असतं, आणि प्रत्येकजण ते विसरतो. रेंचने दिलेल्या मेहनतीचा मोठा वाटा, ढोबळमानाने ८५ ते ९० टक्के, घर्षणात जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहा-पंधरा टक्के. हिशेब असा की नट-गुणांक (घर्षण किती ते सांगणारा आकडा) आणि व्यास यांच्या गुणाकाराने टॉर्कला भागलं की ताण मिळतो. ग्रीस असताना आमचा गुणांक ०.१५, म्हणून ६० न्यूटन-मीटरला ३३ किलोन्यूटन. पुसलेल्या आट्यांवर तो ०.२० धरला तर त्याच ६० ला २५ किलोन्यूटन. क्लिक दोन्हीकडे सारखाच वाजतो.

अंदाजावर थांबायचं नव्हतं. त्याच लॉटमधला बोल्ट, तशाच वॉशरा, बेंचवर ताण मोजणारा लोड सेल. ग्रीससकट तीनदा लावला, प्रत्येक वेळी ३३ च्या आसपास. अल्कोहोलने पुसून लावला, २५.४. आणि डोक्याखाली अर्ध्या अंशाची पाचर ठेवून पाहिली तेव्हा खरी गंमत दिसली. ग्रीस असलेली वॉशर-जोडी सरकून सरळ झाली. कोरडी जोडी जागच्या जागी घट्ट बसून राहिली आणि सगळा वाक बोल्टच्या दांड्यात उतरला.

ताण कमी म्हणजे सुटायला सोपं, असं कोणालाही वाटेल. इथे उलट आहे. आमच्या नटाला बोल्ट बाहेर फेकणारा वेगळा दट्ट्या नाही. बोल्ट उडतो तो स्वतःच्या ताणातल्या ऊर्जेवर. १०० मिलिमीटर लांबीचा हा टायटेनियम बोल्ट ३३ किलोन्यूटनला सुमारे ०.३६ मिलिमीटर ताणला जातो आणि त्यात साधारण ६ ज्यूल साठतात. २५ ला ताण पाऊण राहतो, पण ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात घटते. उरतात जेमतेम साडेतीन ज्यूल. एकीकडे ढकलणारा जोर जवळजवळ निम्मा, दुसरीकडे वाकल्यामुळे भोकात घासणं आणि आटे अडणं. एकट्या कमी ताणाने बोल्ट थोडा हळू निघाला असता, एवढंच. दोन्ही एकत्र आल्यावर तो निघालाच नाही, आणि दोन्हींचं मूळ बोटभर ग्रीस.

याचा अर्थ जास्त आवळा असा मुळीच नाही. ताण वाढला की पाकळ्या कडीवर जास्त जोराने दाबतात, कडी सरकवायला दट्ट्याला जास्त झगडावं लागतं आणि कार्ट्रिजची राखीव ताकद तिथेच संपते. म्हणून नट पात्र ठरवताना कमी भरलेल्या कार्ट्रिजवर आणि वरच्या मर्यादेच्या ताणावर तो उघडतो का हे बघतात, आणि जास्त भरलेल्यावर आवरण फुटत नाही ना हेही. पण खालच्या मर्यादेच्या ताणावर, वाकड्या बोल्टसह चाचणी? ती आमच्या यादीत नव्हती. ती असायला हवी असं माझं मत तेव्हाही होतं, असं लिहायला आवडलं असतं.

इथे संख्येचा आधारही मिळत नाही. एकदाच वापरायची वस्तू, उडवली की संपली. ९५ टक्के खात्रीने ०.९९९ विश्वासार्हता निव्वळ उडवून सिद्ध करायची तर एकही अपयश न येता २,९९५ नट उडवावे लागतील. तेवढे कोणी उडवत नाही. म्हणून मग राखीव मर्यादा, दुहेरी इनिशिएटर आणि लॉटमधले नमुने यांवर भिस्त ठेवतात. दुहेरी इनिशिएटरचं मोल ऑक्टोबर २००२ मध्ये एसटीएस-११२ या शटल उड्डाणाच्या वेळी दिसलं. स्टडांच्या नटांना जाणारी एक फायरिंग साखळी पेटलीच नाही आणि दुसरीने शटल सोडलं. पण वाकलेल्या बोल्टपुढे दहा इनिशिएटर असले तरी काय करणार?

संध्याकाळी कार्डात दोन बदल झाले. बोल्ट कोणत्याही कारणाने सुटला तर काम क्रमांक १४ पासूनच पुन्हा सुरू होणार, आणि ग्रीसच्या पायरीला स्वतंत्र सही. बोल्टचा ताण दाखवणारे लोड वॉशर पैसे वाचवायला चारपैकी दोनच कोपऱ्यांवर लावले होते, आणि चौथा त्यांत नव्हता. ते चारही ठिकाणी लावायचे ठरले. ६० चा क्लिक आता फक्त नोंदीपुरता, आवळणं थांबतं ते लोड वॉशरवर ३३ दिसल्यावर.

नवव्या दिवशी नवे नट, नवी कार्ट्रिजं, तीच शिम, तोच कोपरा. चारही बोल्ट साडेचार मिलिसेकंदांच्या आत पार. पॅनलचं फिरणं सेकंदाला ०.४ अंश. डबे उघडून हनीकोम्ब मोजलं: ११, १२, ११, ११.